घरातली यंत्रं अचानक आवाज का करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दचकवणारे बहुतेक मोठे आवाज निरुपद्रवी असतात. कडकन, धाडकन, टक्क असं काहीतरी होतं, छातीत धस्स होतं आणि यंत्र पुढे निमूट चालू राहतं. खरी काळजी करायची ती बारीक, न थांबणाऱ्या आवाजांची. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून. बाकीचे प्रश्न त्या त्या यंत्रानुसार पुढे आहेत.

कुठला आवाज आला की हातातलं काम टाकून उठायचं?

तीन आवाज. स्विचबोर्ड, सॉकेट किंवा एमसीबीच्या पेटीतून येणारी बारीक तडतड किंवा चुरचुर. शेगडी बंद असताना सिलिंडरकडून येणारं "फुस्स". आणि गिझरमध्ये पाणी खळाखळा उकळल्याचा आवाज, सोबत नळातून वाफ. या तिन्हींत "सकाळी बघू" चालत नाही. चौथी गोष्ट आवाज नाही, वास आहे: कुठल्याही आवाजासोबत जळका वास आला तर ते यंत्र आधी बंद, चौकशी नंतर.

सॉकेटमधून चुरचुर येते, पण एमसीबी पडत नाही. म्हणजे सगळं ठीक ना?

नाही. आणि हा गैरसमज फार घरांत आहे.

एमसीबी पडतो तो करंट मर्यादेबाहेर वाढला की. सैल जोडामध्ये उलटं होतं: तिथला रोध वाढतो, करंट आहे तेवढाच राहतो किंवा थोडा कमीच होतो, आणि सगळी उष्णता त्या एका स्क्रूपाशी साठते. हवेतल्या फटीतून ठिणग्या उडतात, त्यांचीच ती चुरचुर. आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, तोही गप्प बसतो, कारण करंट जमिनीकडे गळत नसतो. म्हणजे पेटीतली दोन्ही संरक्षणं जागच्या जागी असतात आणि सॉकेट मात्र आतून भाजत असतं. अशा वेळी कान आणि नाक हेच गजर. तापलेल्या स्विच-सॉकेटचा वास अनेकदा मासळीसारखा येतो. घरात मासे नसताना तो वास आला तर बोर्ड हुंगत फिरा, हसू आलं तरी.

काय करायचं: त्या सॉकेटचा प्लग ओढू नका, तो तापलेला असतो आणि ओढताना ठिणगी मोठी होते. पेटीतला त्या लाइनचा एमसीबी खाली पाडा. कुठला ते ठाऊक नसेल तर मेन स्विच. गार झाल्यावर प्लग काढून पिना बघा. एक पिन काळपट किंवा तपकिरी झाली असेल तर सॉकेटची आतली पत्ती सैल झाली आहे. वायरमनकडून सॉकेट बदलून घ्या, जळकट झालेलं वायरचं टोक मागे ताज्या तांब्यापर्यंत कापून मग स्क्रू आवळायला सांगा, आणि पिना जळल्या असतील तर प्लगही बदला. जळक्या प्लगला नवं सॉकेट दिलं तर थोड्याच महिन्यांत तेही जातं.

हे सर्वांत जास्त होतं ते गिझर, इस्त्री, हीटर आणि एसीच्या सॉकेटला. २००० वॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर घेतो. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट आणि किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. मोठा प्लग छोट्या सॉकेटला जोडणारा अ‍ॅडॅप्टर गिझरला कधीही लावू नका.

प्लग लावताना एकदाच "चट्" होऊन ठिणगी दिसते. धोका?

बटण चालू ठेवून प्लग लावला तर लॅपटॉपच्या चार्जरची किंवा टीव्हीची अशी ठिणगी उडतेच, कारण आतला कपॅसिटर एकदम भरतो. बटण बंद करून प्लग लावा, ठिणगी जाईल. नाही गेली तर सॉकेट बदला.

सिलिंडर जोडल्यावर फुस्स आवाज येतो.

जोडताना अर्धा सेकंद आला आणि थांबला तर रेग्युलेटर बसतानाचा आहे. थांबत नसेल तर बहुधा सिलिंडरच्या तोंडातली रबरी रिंग नाही किंवा चिरलेली आहे. रेग्युलेटरचा खटका बंद करा, रेग्युलेटर काढून सिलिंडरला त्याची प्लास्टिकची टोपी घाला, दारं-खिडक्या उघडा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरतो, म्हणून दार उघडणं खिडकीपेक्षा जास्त उपयोगी. पंखा, एक्झॉस्ट, दिवा, कुठल्याही बटणाला हात लावू नका: चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. मोबाईल बाहेर जाऊन वापरा. एलपीजीसाठी देशभर १९०६ हा आपत्कालीन क्रमांक आहे. गळती शोधायची तर साबणाच्या पाण्याने, काडी ओढून नव्हे. सिलिंडर घेतानाच डिलिव्हरीवाल्याला टोपी काढून रिंग तपासायला सांगितलं की निम्मे प्रश्न दारातच मिटतात.

शेगडी बंद करताना "फट्" असा आवाज येतो तो वेगळा. ज्योत बर्नरच्या भोकांतून आत ओढली जाऊन उरलेला गॅस बर्नरच्या नळीत पेटतो. बर्नरची टोपी नीट बसलेली नसणं किंवा भोकं दुधा-भाताने बुजणं हे कारण. टोपी काढून सुईने भोकं मोकळी करा.

फ्रीज रात्री कडकन वाजतो. आत काही फुटलं का?

काही फुटलेलं नसतं. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये दिवसातून साधारण दोन-तीन वेळा आतल्या थंड जाळीवरचा बर्फ वितळवण्यासाठी हीटर काही मिनिटं चालतो. जाळी तापते, मग पुन्हा गारठते. या चढउतारात आतलं प्लास्टिकचं अस्तर ताणतं, आकसतं आणि एकदम सुटतं. तोच तो "कडक्". दिवसाही होतो, फक्त रस्त्याच्या गोंगाटात ऐकू येत नाही. त्याच वेळी तव्यावर थेंब पडल्यासारखं "चर्र" ऐकू आलं तर वितळलेलं पाणी हीटरवर ठिबकतंय. तेही रोजचंच.

कॉम्प्रेसर थांबल्यावर मिनिटभर येणारी गुडगुड म्हणजे नळ्यांतला गॅस आणि द्रव दोन्ही बाजूंचा दाब सारखा करत असतात.

मग फ्रीजचा कुठला आवाज वाईट?

"टक… घूंऽऽ… टक" हा क्रम. कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतो, पाच-दहा सेकंद घुमतो, फिरत नाही, आणि ओव्हरलोड प्रोटेक्टर त्याला तोडतो. दोन-चार मिनिटांनी पुन्हा तेच. एकदाच झालं आणि नंतर फ्रीज सुरळीत चालला, तर वीज जाऊन लगेच आली असेल. बंद पडल्या-पडल्या नळ्यांतला दाब एका बाजूला जास्त असतो, त्या दाबाविरुद्ध कॉम्प्रेसरला उठता येत नाही. म्हणूनच वीज गेल्यावर फ्रीज तीन ते पाच मिनिटांनी सुरू करायचा, आणि म्हणूनच स्टॅबिलायझरला वेळ लावायची सोय असते.

पण हा क्रम तासभर चालू असेल तर प्लग काढा. कारणं तीन, स्वस्तापासून महागापर्यंत. पहिलं, व्होल्टेज: २३० च्या जागी १८० च्या खाली मिळत असेल तर कॉम्प्रेसर उठत नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी, वीजवाहिनीच्या टोकाच्या घरांत हे नेहमीचं. दुसरं, कॉम्प्रेसरच्या कुशीला लावलेला स्टार्ट रिले. मेकॅनिक तो काढून कानाशी हलवून बघतो. आत काही खुळखुळलं तर त्यातली चकती फुटली आहे, रिले बदलला की फ्रीज चालू. तिसरं, कॉम्प्रेसरच जाम. रिले न तपासता थेट "कॉम्प्रेसर गेला" असं कुणी सांगितलं तर दुसऱ्याला दाखवा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या फ्रीजमध्ये हा रिले नसतो, तिथे सर्किट बोर्ड बघावा लागतो.

दुसरा ओळखायचा आवाज: आतून "खर्रर्र", जो दार उघडल्याबरोबर थांबतो. दाराच्या बटणाने आतला पंखा बंद होतो, त्यामुळे दोषी तोच: त्याच्या पात्याला बर्फ घासतोय. सगळं सामान काढा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी टाकून रात्रभर ठेवा, खाली जुने टॉवेल अंथरा. बर्फ सुरीने खरवडू नका. अनेक नव्या फ्रीजमध्ये आर-६००ए हा ज्वालाग्राही गॅस असतो आणि नळी फार पातळ असते. पंधरा दिवसांत आवाज परत आला तर हीटर, सेन्सर किंवा दाराची रबरी गास्केट बिघडली आहे. गास्केटची परीक्षा सोपी: दारात कागद अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निसटला तर तिथून दमट हवा आत जाते.

कुकर शिट्टीऐवजी एकदम मोठ्याने फुसकारला आणि सगळी वाफ झाकणातून निघाली.

सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. दचकायला होतंच, पण त्याने त्याचं काम केलं आहे. झाकणावरच्या या छोट्या बटणात कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू असतो. नेहमीच्या कुकरमध्ये दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो, म्हणजे आत १२० अंश सेल्सिअसच्या आसपास. पाणी आटलं किंवा शिट्टीची नळी बुजली की तापमान त्यापुढे जातं आणि धातू वितळून वाफेला वाट देतो.

गॅस बंद करा. कुकरला हात लावू नका, हलवू नका, वरून पाणी ओतू नका. पूर्ण गार झाल्यावर झाकण काढा आणि शिट्टीची नळी उजेडाकडे धरून आरपार बघा. पलीकडचा उजेड दिसला नाही तर कारण सापडलं: बहुतेक वेळा डाळीचं साल किंवा फेस. नळी आरपार दिसत असेल तर पाणी कमी पडलं होतं. भांडी ठेवून कुकर लावताना तळाशी किमान एक-दीड वाटी पाणी हवंच, शिट्ट्या जास्त घ्यायच्या असतील तर त्याहून जास्त. डाळ, छोले, राजमा थेट कुकरमध्ये शिजवताना निम्म्याच्या वर भरू नका, एरवी दोन तृतीयांश. तूरडाळीत चमचाभर तेल टाकलं की फेस बसतो.

नवा व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा. भांड्यांच्या दुकानात दहा-वीस रुपयांनी स्वस्त, कुठल्याही कुकरला बसणारा व्हॉल्व्ह मिळतो. तो नक्की किती तापमानाला वितळेल हे दुकानदारालाही माहीत नसतं. कुकर घेताना आयएसआय चिन्ह आणि आयएस २३४७ हा क्रमांक बघून घ्या.

इन्व्हर्टर वीज गेल्यावर टक्क वाजतो, मग घरातला प्रत्येक पंखा भुणभुणतो.

टक्क म्हणजे आतला रिले: मेन सोडून बॅटरीवर गेला. भुणभुण स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची. त्याची वीज महावितरणच्या विजेसारखी गोलसर लाटेची नसते, टोकदार असते, आणि पंख्याची मोटर ते टोक अंगावर घेते. पंखा लगेच बिघडत नाही, पण तापतो. रोज दोन-चार तास वीज जाणाऱ्या गावात साइन वेव्ह इन्व्हर्टरच घ्यावा. महिन्यातून एकदा वीज जाणाऱ्या सोसायटीत जुना बदलायची घाई नको.

सतत पीं-पीं होत असेल तर आधी ओव्हरलोड बघा. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर साधारण ७०० वॅटच्या आत चालतो, आणि वीज गेली तेव्हा इस्त्री किंवा मिक्सर चालू राहिलेला असतो. ते बंद करा, रिसेट करा.

इन्व्हर्टरच्या बॅटरीतून उकळल्यासारखा आवाज येतो.

पूर्ण चार्ज होत आल्यावर पाण्याचे बुडबुडे उठतात, बारीक सळसळ ऐकू येते. या वेळी हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात, म्हणून बॅटरी हवेशीर जागी हवी. जागा वाचवायला ती देवघराखालच्या कपाटात ठेवणारी घरं आहेत, वर समई तेवत असते. ती आजच हलवा.

सडक्या अंड्यासारखा वास, बॅटरीची कड गरम, पाणी महिन्याभरात आटतंय: बॅटरी जास्त चार्ज होत आहे किंवा तिचा एक सेल गेला आहे. इन्व्हर्टरचा मेनचा प्लग काढा, खोली मोकळी करा, माणूस बोलवा. एरवी दोन-तीन महिन्यांनी तरंग्याची खूण बघून डिस्टिल्ड वॉटर घालत जा. नळाचं पाणी नाही, अ‍ॅसिड तर मुळीच नाही.

रात्री घरात कुठेतरी मिनिटाला एकदा "टिक्" किंवा "पीं" होतं. सापडतच नाही.

सापडत नाही याला कारण आहे. बझरचा आवाज साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि या पट्ट्यात आवाज कुठल्या दिशेने आला हे ओळखायला माणसाचा कान सर्वांत कच्चा. त्यात भिंतींवरून प्रतिध्वनी. बैठकीतला आवाज स्वयंपाकघरातून आल्यासारखा वाटतो. आवाजाच्या मागे धावू नका, पद्धतीने जा.

मोबाईलच्या स्टॉपवॉचवर दोन आवाजांमधलं अंतर मोजा. ते दर वेळी सारखंच असेल तर इलेक्ट्रॉनिक वस्तू, कमी-जास्त होत असेल तर ठिबकणारं पाणी, पाल किंवा लाकूड. मग एकेक एमसीबी पाडत जा आणि प्रत्येक वेळी दोन पाळ्या वाट बघा. सगळी वीज बंद झाल्यावरही पीं आली तर ती बॅटरीवरची वस्तू आहे. संशयित मोजकेच: राउटर किंवा कॉम्प्युटरचा यूपीएस, गॅस गळती ओळखणारा डिटेक्टर, दाराचं डिजिटल कुलूप, धुराचा अलार्म, कपाटाच्या माळ्यावर विसरलेलं जुनं घड्याळ. एका खोलीत दार लावून उभे राहा, एक पाळी ऐका, पुढच्या खोलीत जा. जिथे आवाज सर्वांत कोरडा, प्रतिध्वनीशिवाय ऐकू येतो ती खोली.

यूपीएस असेल तर त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत संपतेच. डिजिटल कुलूप असेल तर सेल आजच बदला. पूर्ण संपल्यावर बाहेर अडकलात, तर बऱ्याच कुलपांना खालच्या बाजूला दोन धातूचे ठिपके असतात: तिथे ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवून नेहमीचा पासवर्ड टाकला की दार उघडतं.

आम्ही अमेरिकेत असतो. छतावरचा धुराचा अलार्म नेमका पहाटे तीनलाच का कुईकुई करतो?

पहाटे घर सर्वांत गार असतं आणि गारठ्यात बॅटरीचं व्होल्टेज किंचित उतरतं. संपत आलेली बॅटरी तेव्हाच इशाऱ्याच्या रेषेखाली जाते. दुपारी घर तापलं की गप्प, म्हणून दिवसा तपासून काही सापडत नाही. बॅटरी बदला, मग चाचणीचं बटण दाबून धरा. नवी बॅटरी टाकूनही ३०-६० सेकंदांना एकदा आवाज येत असेल तर मागची तारीख बघा. दहा वर्षं झालेला अलार्म अख्खा बदलायचा असतो.

अमेरिका-कॅनडात खऱ्या गजराची भाषा ठरलेली आहे: तीन पीं आणि विश्रांती म्हणजे धूर, चार पीं आणि विश्रांती म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. चारवाल्याला वास नसतो, दिसत काही नाही. सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि मग फोन करायचा. फोडणीमुळे रोज वाजतो म्हणून बॅटरी काढून ठेवणं हा उपाय नव्हे. अलार्म शेगडीपासून निदान तीन मीटर लांब हलवा, किंवा स्वयंपाकघराजवळ प्रकाशकिरणावर चालणारा प्रकार घ्या. तो फोडणीच्या धुराने कमी फसतो.

वॉशिंग मशीन चालू असताना भिंतीत धाडकन आवाज होतो. मशीनमध्ये नाही, भिंतीत!

बरोबर ऐकलंत. मशीनचा पाण्याचा व्हॉल्व्ह क्षणात बंद होतो, वेगाने येणारं पाणी एकदम अडतं आणि त्याचा धक्का पाइपभर जातो. सैल पाइप भिंतीच्या खाचेत आपटतो. टाकी गच्चीवर आणि घर पहिल्या मजल्यावर असेल तर जास्त, कारण दर १० मीटर उंचीला सुमारे १ बार दाब वाढतो. दहा मजली इमारतीत तळाला तीन बार सहज असतो.

आधी फुकटचा उपाय: मशीनचा नळ अर्धा बंद करा. पाणी भरायला मिनिटभर जास्त लागेल, आवाज बहुतेक जाईल. नाही गेला तर उघड्या पाइपला क्लॅम्प, आणि नळापाशी धक्का शोषणारा अरेस्टर. अख्ख्या घरात होत असेल तर प्लंबरकडून दाब कमी करणारा व्हॉल्व्ह.

पालिकेचं पाणी यायच्या वेळी नळ खोकतो, तो प्रकार निराळा. पाइपमधली हवा पाण्याच्या पुढे ढकलली जाते. आणि टाकी भरत आली की भोंग्यासारखा "हूंऽऽ" येत असेल तर बॉल कॉकचा वॉशर झिजून थरथरतोय. किरकोळ खर्च, पण आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो.

नवी फ्रंट लोड मशीन स्पिनला नाचत पुढे आली!

मागचे ट्रान्झिट बोल्ट काढले नाहीत. हे तीन-चार मोठे बोल्ट वाहतुकीत ड्रम धरून ठेवतात. ते काढून जपून ठेवा, घर बदलताना लागतात. जुनी मशीन अचानक नाचली तर एकटं ब्लँकेट किंवा बेडशीटची गुंडाळी. थांबवा, सोडवा, सोबत दोन टॉवेल टाका. कपडे न घालताही स्पिनला विमानासारखी घरघर म्हणजे बेअरिंग. पाणी काढताना "कर्रर्र" म्हणजे पंपात नाणं किंवा हूक. खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडून गाळणी काढा, आधी परात ठेवा.

गिझर गरम होताना गडगडतो.

हीटिंग एलिमेंटवर क्षाराचं कवच बसलं आहे. कवचाखाली अडकलेलं पाणी तिथल्या तिथे उकळतं, बुडबुडे फुटतात, टाकी घुमते. बोअरच्या पाण्यावर हे वर्ष-दोन वर्षांत होतं. एलिमेंट साफ करून घ्या आणि त्याच वेळी आतली मॅग्नेशियमची कांडी बदला. ती स्वतः झिजून टाकी वाचवते, पण सर्व्हिसवाले न विचारता क्वचितच बघतात.

तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून चार थेंब पडणं ठीक. धार लागली, किंवा गरम नळातून थुंकल्यासारखी वाफ आली, तर थर्मोस्टॅट चिकटला आहे. बाथरूममधलं बटण नको, पेटीतला एमसीबी पाडा आणि गिझर आपोआप गार होऊ द्या.

गॅस गिझर पेटताना "धप्प" होतं.

ठिणगी उशिरा पडतेय आणि तोवर गॅस साठतोय. बहुतेक वेळा दोन मोठे सेल उतरलेले असतात. ते बदलूनही धप्प राहिलं तर बर्नर साफ होईपर्यंत वापरू नका. याहून महत्त्वाचं: गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर आवाजाचा विचार नंतर करा, आधी तो बाहेर बसवून घ्या. बंद बाथरूममध्ये तो ऑक्सिजन खातो, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याचा काहीच आवाज नसतो.

एसी बंद केल्यावर टकटक, आणि चालू असताना कधीतरी आतून कडकड?

टकटक प्लास्टिकच्या आकसण्याची, सोडून द्या. कडकड म्हणजे जाळीवर जमलेला बर्फ सुटून ब्लोअरवर पडतोय. कूलिंग बंद करून फक्त पंखा तासभर चालवा, फिल्टर धुवा. फिल्टर धुऊनही जाळीवर बर्फ जमला तर गॅस कमी आहे. बाहेरच्या युनिटची खडखड असेल तर मुंबई-पुण्यात आधी कबुतराच्या काड्या बघा, पेटीतला एमसीबी पाडूनच.

मिक्सर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन?

मिक्सर "हूं" करतो आणि फिरत नाही: लगेच बंद करा, भांड्याचं पातं हाताने फिरतंय का बघा. सुकं खोबरं किंवा ओलं वाटण तळाशी घट्ट बसलेलं असतं. मिक्सर पूर्णच गप्प झाला तर पाच-दहा मिनिटांनी बुडाचं लाल बटण दाबा. मोटर जोरात फिरते, वाटण हलत नाही आणि "कर्रर्र" येतं: भांडं मोटरला जोडणाऱ्या कपलरचे दात गेले, किरकोळ काम.

मायक्रोवेव्हमध्ये "फाट्" आणि निळी ठिणगी म्हणजे सोनेरी काठाची बशी, चमचा, किंवा बाजूच्या भिंतीवरच्या अभ्रकाच्या पत्र्यावर जळलेलं अन्न. पत्रा मिळतो, कापून बसवता येतो. अख्खं अंडं, सोललेलं उकडलेलं असलं तरी, गरम करू नका. ते बाहेर काढल्यावर, चमचा लावल्यावर फुटतं. बाहेरचं कव्हर घरी उघडू नका: आतल्या कपॅसिटरमध्ये २००० व्होल्टहून जास्त असतं आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ उरतं.

इंडक्शनची शिट्टी भांड्याच्या बुडाच्या थरांची. भांडं बदलून बघा. बंद केल्यावर पंखा चालू राहतो, तो थांबेपर्यंत प्लग काढू नका.

रात्री वीज आली आणि टीव्ही आपोआप मोठ्याने सुरू झाला.

अनेक टीव्हींत वीज आल्यावर आधीच्या स्थितीत जाण्याची सेटिंग असते. मेनूमध्ये "पॉवर ऑन मोड" शोधा आणि स्टँडबाय करा. वीज गेल्यावर मिक्सर, इस्त्री, गिझर यांची बटणं बंद करायची सवय लावा. मध्यरात्री रिकाम्या स्वयंपाकघरात मिक्सर सुरू होण्याचं कारण भूत नसतं, चालू राहिलेली खुंटी असते.

स्मार्ट स्पीकर मधेच बोलला तर त्याला टीव्हीतल्या कुणाची हाक स्वतःची वाटली. मार्च २०१८ मध्ये अलेक्सा न सांगता हसते अशा तक्रारी आल्यावर अमेझॉनने हसायला लावणारं वाक्यच लांब केलं होतं, म्हणजे चुकून ऐकू येणार नाही. अ‍ॅपमध्ये त्याने काय ऐकलं याची नोंद दिसते.

सगळ्यांचे मोबाईल एकदम सायरनसारखे किंचाळले!

सेल ब्रॉडकास्ट, म्हणजे मोबाईल टॉवरवरून परिसरातल्या सगळ्या फोनना एकदम जाणारा आपत्कालीन इशारा. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने देशभर याच्या चाचण्या घेतल्या. फोन सायलेंटवर असला तरी वाजू शकतो. सेटिंगमध्ये "वायरलेस इमर्जन्सी अलर्ट" आहे. चाचणीचे संदेश हवे तर बंद करा, पूर-वादळाचे चालू ठेवा.

इतकं सगळं माहीत असूनही दचकायला होतंच. का?

दचकणं विचाराच्या आधी घडतं. आवाजाची वर्दी मेंदूच्या देठाकडून थेट मानेच्या आणि पापण्यांच्या स्नायूंना जाते, तेवढ्यात कारण कळायला वेळच नसतो. शिवाय आवाज किती मोठा यापेक्षा तो किती झटक्यात चढला हे मोजलं जातं. म्हणून हळूहळू वाढणारा मिक्सर खपतो आणि टाचणीसारखी पीं खपत नाही. शक्य तिथे यंत्राचा बझर मेनूतून कमी करा. अनेक मशीन आणि मायक्रोवेव्हमध्ये ती सोय असते. पहिल्या काही महिन्यांत बाळ आवाजाने हात फेकून दचकतं ते नैसर्गिक आहे, चार ते सहा महिन्यांत जातं. मोठ्या माणसाला भांड्यांचे नेहमीचे आवाजही कानात दुखू लागले, किंवा दचकण्यामुळे झोप उडू लागली, तर डॉक्टरांना दाखवा.

मेकॅनिकला आवाज सांगायचा कसा? तो येतो तेव्हा यंत्र हमखास गप्प असतं.

मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण नुसता आवाज नको. व्हिडिओ घ्या, म्हणजे यंत्राची स्थिती, चालू दिवे, स्क्रीनवरचा कोड दिसेल. किमान दोन मिनिटं, पंखा बंद करून. सोबत चार गोष्टी लिहून ठेवा: सुरू होताना येतो, चालताना की थांबल्यावर, किती अंतराने, दार उघडल्यावर किंवा हाताने दाबल्यावर थांबतो का, आणि त्या आधी वीज गेली होती का. मॉडेल नंबरच्या पट्टीचा फोटोही पाठवा, म्हणजे तो सुटा भाग सोबत घेऊनच येईल आणि व्हिजिटचे पैसे दोनदा जाणार नाहीत.